तळघरातली घोडेवाली

शनिवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२४, दुपारी एकचा सुमार. स्थळ मिशिगन राज्यातील नोव्हाय गावी खोब्रागडे कुटुंबाने बेचाळीस वर्षे वापरलेले घर, आणि त्या घराचे स्वयंपाकघर. घराचा ताबा पुढच्या शुक्रवारी नव्या मालकाकडे जायचा होता. लहू खोब्रागडे यांना जाऊन आठ महिने झाले होते, आणि अंत्यसंस्कारानंतर प्रथमच त्यांची पत्नी, मुलगा, मुलगी आणि नात असे चौघे एका टेबलाशी जेवायला बसले होते. पाचवी खुर्ची कोणी हलवली नव्हती. तिच्यावर वर्तमानपत्रांत गुंडाळलेले स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे ठेवलेले होते.

"वास अजून येतोच आहे," उपासना म्हणाली.

"व्हिनेगरचा वास आहे तो, आत्या," जागृती म्हणाली. "तळघरातल्या फिल्मचा. जुनी झाली की ती कुजते, आणि कुजताना असाच वास सोडते. आजोबांनी रिळांचे डबे एअरटाइट ठेवले ना, म्हणून जास्तच कुजली."

उपासनेने घास हातात तसाच ठेवला. ती येथून वीस मिनिटांवर राहत होती आणि शाळेत गणित शिकवत होती. गेली दहा वर्षे दर रविवारी या घरात शिरताना ती वडिलांना एकच प्रश्न विचारत आली होती: खाली कसली बरणी फुटली आहे ते एकदा बघाल का? आणि वडील दर रविवारी म्हणत, असू दे. बरणी फुटलेलीच नव्हती हे तिला आज, विचारायला कोणी उरले नसताना, समजत होते.

ज्या कागदासाठी जागृती पाच तास गाडी चालवून आली होती, तो कागद ताटांपासून दूर, फ्रिजवर होता. जागृती ही लहूंच्या मुलाची, विवेकची मुलगी. जन्म कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलचा, जिथे विवेक राहत होता, वय सव्वीस, नोकरी जुने चित्रपट जतन करणाऱ्या एका संग्रहालयात. तिचे वडील चिप डिझाइन करीत, आणि मुलीच्या या उद्योगाला त्यांनी अद्याप नोकरीचा पूर्ण दर्जा दिलेला नव्हता. कागदात इतकेच लिहिले होते की लहू खोब्रागडे यांच्या तळघरातील सोळा मिलिमीटरच्या तीन रिळांचा संच त्यांची पत्नी रत्नाबाई ही संग्रहालयास देत आहे. सही तेवढी रत्नाबाईंची हवी होती.

"आई, जेवण झाल्यावर नीट वाचून घे," विवेक म्हणाला.

"वाचायचं काय आहे त्यात. घोडेवाली चालली. बरं झालं." रत्नाबाईंनी त्याच्या ताटात आणखी दोन पाटवड्या टाकल्या आणि वर रस्सा ओतला. "पेन द्या कोणी."

"आज नको," उपासना म्हणाली.

"काहून?"

"बाबांची एक तरी वस्तू घरात राहू दे. दादा सगळंच देऊन टाकतोय. टूल्स गेले, ड्रॉइंग बोर्ड गेला, शाल-मफलरसुद्धा गेले."

"देऊन टाकत नाहीये, डोनेट करतोय," विवेक म्हणाला. "आणि तू ठेवणार कुठे? तुझ्या गराजमध्ये? तिथे तुझी गाडीसुद्धा बसत नाही."

"तू वर्षातून चार दिवस येऊन सॉर्टिंग करतोस, दादा. वास मी घेतलाय."

"गाईज," जागृती म्हणाली, "प्लीज. जेवताना नको."

"भांडू दे," रत्नाबाई म्हणाल्या. "घर रिकामं झालं की आवाज घुमतो, तेवढीच सोबत."

हे त्या सहज बोलल्या. पण आठ महिने या घरात त्या एकट्या होत्या, आणि सोबतीचा हिशोब त्यांना टेबलावरच्या इतर कोणाहीपेक्षा बारकाईने ठाऊक होता. सकाळी फ्रिज गुरगुरतो, अकराला टपालगाडी थांबते, आणि थंडी सुरू झाली की तळघरातली भट्टी पेटून चुलीशेजारच्या जमिनीतल्या जाळीतून गरम हवेचा सुस्कारा वर येतो. त्यापलीकडे दिवसभर कोणी काही बोलत नाही. लहू होते तेव्हाही फार वेगळे नव्हते.

घोडेवाली हा शब्द या घरात शिवीइतका रुळलेला असल्यामुळे ती कोण हे नेमके सांगितले पाहिजे. गाणाऱ्या काउबॉयांचे सिनेमे अमेरिकेत धो-धो चालत होते त्या काळात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या किंचित आधी, एका किरकोळ चित्रपट कंपनीने नायकाच्या जागी बाई बसवून पाहिली. बाईने घोडा फेकायचा, बाईनेच पिस्तूल चालवायचे, आणि दर दहा-बारा मिनिटांनी गिटार घेऊन गायचे. सहा दिवसांत सिनेमा पुरा होई. तोच डोंगर, तोच ओढा, तीच घोडागाडी एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून जाई. शनिवारी दुपारी मोठ्या सिनेमाच्या जोडीला पोरांसाठी तो दाखवीत. नेल कॉर्बिन नावाच्या या बाईला असे तीन सिनेमे मिळाले. चौथ्याच्या आधी वितरकांनी कळवले की पोरांना हे पटत नाही, आणि विषय संपला. पुढे टेलिव्हिजनवाल्यांनी तासाभरात बसवण्यासाठी हे सिनेमे कापले, तेव्हा कात्री प्रथम गाण्यांवर चालली. कारण गाणे काढले म्हणून कथा अडत नाही. परिणामी गाण्यासाठी जिला उभे केले ती गातानाच दिसेनाशी झाली. उपलब्ध प्रतींत नेल कॉर्बिन गिटार उचलते, आणि पुढच्याच क्षणी ती खाली ठेवते.

तिच्या तिसऱ्या सिनेमाची, 'लार्क क्रीक'ची, गाण्यांसकट एकही प्रत उरलेली नाही असे सगळे धरून चालले होते. मार्च महिन्यात आजोबांच्या अंत्यसंस्काराला आलेल्या जागृतीने तळघरात डब्यांवरची नावे वाचली, एक फोटो काढला आणि तो आपल्या वरिष्ठांना पाठवला. त्यांचे उत्तर अकरा मिनिटांत आले.

लहूंनी हा संच १९८३च्या हिवाळ्यात एका चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, प्रोजेक्टरसकट आणला. मोटारींच्या कारखान्यात ते साच्यांची ड्रॉइंग करीत. त्या हिवाळ्यापासून सहाला घरी यावे, चहा घ्यावा आणि तळघरात जावे, ते साडेआठला जेवायला वर यावे असा त्यांचा क्रम पडला. वर स्वयंपाकघरात घोड्यांच्या टापा आणि बाईचा आवाज ऐकू येई. नवऱ्याचे मन त्या गोऱ्या बाईवर बसले आहे, असे रत्नाबाईंनी त्याच हिवाळ्यात ठरवले. पुढच्या वसंतात त्यांनी कपडे धुण्याचे मशीन तळघरातून वर आणायला लावले. त्यानंतर चाळीस वर्षांत त्यांनी तळघराची पायरी उतरली नव्हती.

*

तळघरात विवेक आणि जागृती दोघेच होते. उपासना वर आईला भांडी गुंडाळू लागत होती, निदान तसे दाखवीत होती.

जागृतीने पांढरे हातमोजे घातले, रीळ टेबलावर ठेवले आणि एका छोट्या मोजपट्टीवर फिल्मची भोके मोजली. मग पुन्हा मोजली. विवेक पाहत होता. आपली मुलगी एखादी वस्तू दोनदा मोजते हे त्याला माहीत नव्हते. ही सवय त्याच्या वडिलांची होती.

"श्रिंक झालीये," ती म्हणाली. "अजून लिमिटच्या आत आहे, पण कडेला. रूलप्रमाणे मी ही चालवायला नको."

"एकदा बघू. एक गाणं फक्त."

"बाबा, ही जगातली एकमेव कॉपी असू शकते."

"आणि हा माझ्या बापाचा प्रोजेक्टर आहे. पुढच्या शुक्रवारी ही खोलीसुद्धा आपली नसेल."

जागृतीने रीळ उचलले. "तिसरं गाणं. तीन मिनिटांचं आहे. तेवढंच," ती म्हणाली आणि फिल्म दातेरी चाकांवर चढवू लागली. "डब्यात एक कार्ड होतं. अक्षर आजोबांचंच ना?"

विवेकने कार्ड घेतले. ड्रॉइंगवर असतात तशी सरळ, सुटी अक्षरे होती. गाणे ३. लांबी १०४ फूट. ११ जानेवारी १९८५. सातवा प्रयत्न.

"सातवा प्रयत्न म्हणजे काय?"

"आय हॅव नो आयडिया."

विवेक पायरीवर बसला. जेथे तो बसला होता तेथून वर पाहिले की छताखालून जाणारा पत्र्याचा चौकोनी नळ दिसे. भट्टीची गरम हवा त्यातून स्वयंपाकघरात जाई. लहानपणी तो आणि उपासना या नळातून एकमेकांशी बोलत; तो खाली, ती वर जाळीला कान लावून. कुजबुज केली तरी ऐकू जाई. हे त्याला आठवले, आणि त्याबरोबर १९८३ची दिवाळीही आठवली, जी तो सहसा आठवत नसे.

दिवाळीचे म्हणजे एका मंडळाचे स्नेहसंमेलन होते, भाड्याच्या शाळेत. तो तेरा वर्षांचा होता. मराठी माणसे भेटतात म्हणून वडील नेत. कोणी बाई म्हणाल्या, रत्नाताई, तुम्ही गाता असं ऐकलं, एखादं भावगीत होऊ द्या. आई उभी राहिली आणि तिने भावगीत म्हटले नाही. नागपुरात तिच्या वडिलांचा भीमजलसा होता. इंदोऱ्याच्या चौकात ती दहाव्या वर्षापासून त्यांच्यामागे कोरस धरीत असे. तिने त्यांचे गाणे म्हटले, बाबासाहेबांचे, खुल्या गळ्याने, माइक बाजूला सारून. टाळ्या पडल्या, पण उशिरा पडल्या. फराळाच्या वेळी तीन माणसांनी त्याच्या वडिलांना तीन निराळ्या तऱ्हांनी एकच गोष्ट विचारली: तुम्ही मूळचे कुठले, म्हणजे कोणापैकी. परतताना गाडीत वडील स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "तिथे हेच गाणं म्हणायची गरज होती का?" पुढे मंडळाचे फोन येईनासे झाले, आणि आईचे गाणेही घराबाहेर कधी ऐकू आले नाही.

"लाइट ऑफ कर, बाबा," जागृती म्हणाली.

पायऱ्यांवर पावले वाजली. उपासना खाली आली होती. "मला न बोलावता लावणार होतात?"

"बस," विवेक म्हणाला आणि सरकला.

*

पडद्यावर डोंगर आला, ओढा आला, आणि पांढऱ्या हॅटमधली नेल कॉर्बिन घोड्यावर बसून गिटारचे कान पिळू लागली. ती गायला लागली तेव्हा आवाज इतका बारीक आला की तिघेही पुढे झुकले.

जागृतीने आवाज पूर्ण वाढवला, तरी तो तेवढाच राहिला. तिने टॉर्च घेऊन फिल्मच्या कडेवर प्रकाश टाकला, आणि मग यंत्र थांबवले.

"नो, नो, नो," ती हळू म्हणाली.

"काय झालं?"

"फिल्मचा आवाज चित्राच्या शेजारी प्रिंट केलेला असतो. लाइटने वाचतात. आजोबांनी त्या ट्रॅकच्या अर्ध्या रुंदीवर मॅग्नेटिक पट्टी लावून घेतलीये. कॅसेटच्या टेपसारखी, ही तपकिरी. लॅबला पाठवून लावून घेत असत लोक, स्वतःचा आवाज भरायला." ती सरळ उभी राहिली. "जगात एकच कॉपी, आणि त्यांनी तिच्या गाण्यावर पट्टी मारली. शिवाय त्या पट्टीने फिल्म अजून लवकर कुजते. दॅट्स द व्हिनेगर. हे आजोबांनीच केलं."

"त्यांना काय माहीत एकच कॉपी आहे म्हणून," उपासना म्हणाली. "आवडत्या सिनेमावर काहीतरी केलं असेल त्यांनी. तुझ्या म्युझियमसाठी नव्हतं घेतलं."

"आत्या, मी त्यांना ब्लेम—"

"करते आहेस."

"पण भरलं काय?" विवेकने विचारले.

हा प्रश्न इतका साधा होता की दोघी त्याच्याकडे पाहू लागल्या. जागृतीने प्रोजेक्टरच्या अंगावरची एक कळ शोधली, ती दुसऱ्या बाजूला फिरवली, फिल्म हाताने मागे घेतली आणि यंत्र सुरू केले.

*

वर रत्नाबाई चुलीशी उभ्या राहून मसाल्याचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. जाळीतून मघाशी घोडेवालीचा बारीक आवाज आला होता, मग तो थांबला होता. ही सवय जुनी होती: आवाज आला की त्या पायाच्या अंगठ्याने जाळीची कळ ढकलून झडप बंद करीत. आताही खरखर सुरू झाली तेव्हा त्यांनी पाय पुढे केला.

खालून बाई गाऊ लागली.

*दौतीत बुडवून उजेड काढिला, माझ्या भीमानं गं,*
*पाटीवर माझ्या नाव माझं लिहिलं, माझ्या भीमानं गं...*

गाणे त्यांच्या वडिलांचे होते, आणि ते छापलेले कोठेच नव्हते. जगात ते गाणारी दोन-तीन माणसे उरली असतील तर ती नागपुरात होती. आवाज मोकळा, किंचित खरखरीत, वरच्या पट्टीत न डगमगणारा होता. ही कोण गाते आहे असे त्यांना क्षणभर खरोखरच वाटले. कारण स्वतःचा आवाज बाहेरून ऐकण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता, आणि हा आवाज त्यांच्या गळ्यातून जाऊनही पुष्कळ वर्षे झाली होती. मग गाण्याच्या मागे कढईला डाव घासल्याचा आवाज आला. तो डाव त्यांनी ओळखला. कडा चेपलेला तो डाव त्यांनी सकाळीच गुंडाळून ठेवला होता.

त्यांनी मसाल्याचा डबा ठेवला, तळघराचे दार उघडले आणि कठडा धरून त्या एकेक पायरी उतरू लागल्या.

*

पडद्यावर नेल कॉर्बिनचे ओठ उघडत आणि नागपूरचे गाणे बाहेर पडे. शब्दांशी ओठ जुळत नव्हते. पण कडव्याची सुरुवात आणि शेवट एखाद्या साच्याला झाकण बसावे तसे नेमके बसले होते. सातव्या प्रयत्नाचा अर्थ आता विवेकला समजला. बरोबर त्या लयीत, अथपासून इतिपर्यंत, मध्ये फोन न वाजता, आई ते गाणे म्हणेपर्यंत त्या माणसाने नळाच्या तोंडाशी माइक धरून सात संध्याकाळी वाट पाहिली होती.

दुसऱ्या कडव्यात खडकामागून पिस्तूल घेऊन खलनायक निघाला, आणि त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. उपासनेला हसू फुटले. मग तिने वळून पाहिले, तर मागच्याच पायरीवर आई उभी होती, आणि ते हसू तिने गिळून टाकले.

गाणे संपले. नेल कॉर्बिनने गिटार खाली घेतली आणि ती थेट समोर पाहून हसली. पट्टीवर मात्र अजून काही होते. पावले झाली, ताटाचा आवाज झाला, आणि मग रत्नाबाईंचा तोच आवाज, पण बोलण्याचा, जवळून, जाळीशी वाकून बोलल्यासारखा आला: "अहो, ऐकताय का? पानं घेतली."

त्यानंतर काही नव्हते. चार-पाच सेकंद खोलीची शांतता तेवढी भरलेली होती; माइक धरून बसलेल्या माणसाचा श्वास, आणि श्वासापलीकडे काही नाही. मग फिल्मचे टोक सुटून फटफटू लागले.

विवेकने दिवा लावला.

"बस ना, आई," उपासना म्हणाली.

"बसते." त्या बसल्या नाहीत. "हे कोणी केलं?"

"बाबांनी," विवेक म्हणाला. "डक्टमधून रेकॉर्ड केलंय. पंच्याऐंशी साली. आई, तुला वाटत होतं खाली ते हिला ऐकतात. ते तुला ऐकत होते."

"चोरून," उपासना म्हणाली.

"चोरून काय त्यात."

"विचारलं होतं का तिला?"

विवेकने मंडळाच्या दिवाळीची गोष्ट सांगितली, गाडीतल्या वाक्यासह. कारण उपासना तेव्हा आठ वर्षांची होती, मागच्या सीटवर झोपलेली, आणि तिला ती कोणी सांगितली नव्हती. ती पुरी होईपर्यंत रत्नाबाई पडद्याकडे पाहत होत्या, जणू दुसऱ्या कोणाविषयी बोलणे चालले आहे.

"म्हणजे लोकांत गायला बंदी," उपासना म्हणाली, "आणि इथे अंधारात, गोऱ्या बाईच्या तोंडात घालून ऐकायचं. म्हणजे कोणी विचारायला नको, कोणापैकी." सकाळपासून वडिलांच्या वस्तूंसाठी भांडणारी ती हीच होती. "देऊन टाक, आई. सही कर. नको मला हे रीळ."

"नाही," विवेक म्हणाला. "हे देऊ नकोस. बाकी सगळं गेलं तरी चालेल, हे मी सनीव्हेलला नेतो. तू पण चल, तिथे ऐकशील रोज."

"दादा, सकाळी तूच सगळं देऊन टाकत होतास."

"सकाळी माहीत नव्हतं मला यात काय आहे."

"अजूनही माहीत नाही तुला."

जागृती इतका वेळ यंत्रापाशी उभी होती. ती आजीला म्हणाली, "आजी, आम्ही आधी दोन्ही आवाज कॉपी करणार. नंतर पट्टी काढावी लागेल, तिच्या गाण्यासाठी. तुझा आवाज मी तुला पाठवीन. पण या फिल्मवर तो राहणार नाही."

"हिचा आवाज लाव," रत्नाबाई म्हणाल्या.

"कोणाचा?"

"हिचा स्वतःचा. घोडेवालीचा. मी तो झडपेतून ऐकलाय, नीट कधी ऐकला नाही."

जागृतीने एकदाच चालवण्याचे ठरवले होते. तरी तिने फिल्म मागे घेतली आणि कळ फिरवली. दिवा मालवला. तो बारीक आवाज पुन्हा आला, आणि या वेळी रत्नाबाई पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, गायिका गायिकेला ऐकते तशा, मान एका बाजूला करून, बोटाने मांडीवर ठेका धरून. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईची सावली आणि घोडा एकमेकांवर पडले.

"सुरात आहे," गाणे संपल्यावर त्या म्हणाल्या. "वर गेली की दम कमी पडतो. पण घोड्यावर बसून गायचं म्हणजे सोपं नाही."

"आजी, घोड्यावर नाही गायची ती. स्टुडिओत आधी रेकॉर्ड करायचे आणि मग घोड्यावर नुसते ओठ हलवायची."

"हो का. मग दम कमीच आहे." त्या थोडे हसल्या. "किती सिनेमे म्हणालीस?"

"तीन."

"आणि मग?"

"मग काही नाही. कोणाला माहीत नाही. एका गावात टेलिफोन ऑपरेटर होती म्हणतात."

रत्नाबाईंनी मान हलवली. "बिचारी. मी चाळीस वर्षं हिला शिव्या दिल्या, आणि हिचंही गाणं यांनी झाकूनच ठेवलं." त्यांनी हात पुढे केला. "पेन दे."

कागद वर फ्रिजवर होता. जागृती धावत जाऊन घेऊन आली. रत्नाबाईंनी तो प्रोजेक्टरच्या झाकणावर ठेवला आणि मराठीत पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या गाण्यातल्या पाटीवर लिहावे तसे, सावकाश, अक्षर अक्षर सुटे. "तिचं तिला द्या," त्या म्हणाल्या. "माझं मला पाठव. मिसळलेलं नको."

"आई," विवेक म्हणाला. त्याला अजून ते पटत नव्हते. बापाच्या बाजूने कोणी तरी बोलले पाहिजे असे त्याला वाटत होते आणि दुसरे कोणी बोलत नव्हते. "सात संध्याकाळी बसले होते ते. तुझ्या एका गाण्यासाठी. नंतर किती वर्षं ऐकलं असेल कोणास ठाऊक. हे काही नाही का?"

रत्नाबाईंनी छताखालच्या नळाकडे पाहिले. नळ त्यांच्या डोक्यावरून सरळ स्वयंपाकघराखाली जात होता. मोजला तर बारा फूट भरला नसता.

"मी हाक मारली ती ऐकू येत होती ना त्यांना?"

"येत होती," विवेक म्हणाला. "रेकॉर्डच झालीये."

"मग वर यायचं होतं."